नेहमी उणे दोन

त्या वर्षांत कोथरूडमधल्या प्रत्येक मुलाला कॉम्प्युटर इंजिनीअर व्हायचं होतं, आणि मी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांना अकरावीची केमिस्ट्री शिकवत होते. पुस्तक न उघडता वर्गात जायची मला सवय लागली होती.

त्या दिवशी ऑक्सिडेशन नंबर चालले होते. "रेणूतल्या सगळ्या नंबरांची बेरीज शून्य. हायड्रोजन अधिक एक, ऑक्सिजन नेहमी उणे दोन," असं सांगून मी पाण्याचं उदाहरण सोडवलं. खडकीहून दोन बस बदलून येणाऱ्या एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दोन हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन आहेत. बेरीज शून्य येत नाही."

मला काही आठवेना. "मग तिथे हायड्रोजन अधिक दोन," मी ठोकून दिलं.

"पण हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच असतो ना?"

"आपल्याला एवढं येतं, तर खडकीहून इथवर यायचे कष्ट कशाला घेता?"

वर्ग हसला. ती खाली बसली.

घरी येऊन पुस्तक पाहिलं. पेरॉक्साइड हा अपवाद होता. तिथे ऑक्सिजन उणे एक. दुसऱ्या दिवशी मी वर्गात म्हणाले, "काल मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं. तुम्ही विचार करता का, ते बघत होते." मुलांनी माना डोलावल्या. तिने वर पाहिलंच नाही.

क्लास सुटल्यावर मी तिची वही मागितली. पेन्सिलीने तिने 'उणे एक' असं बरोबर उत्तर काढलेलं होतं. त्यावर काट मारून खाली पेनाने तीनदा लिहिलं होतं: हायड्रोजन अधिक दोन.

"मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली.

"तुझं बरोबर होतं. मला येत नव्हतं."

"ठीक आहे, मॅडम." तिने वही दप्तरात टाकली. तिला बस गाठायची होती.

मी तिची चेष्टा केली ती भरल्या वर्गात, आणि चूक कबूल केली ती वर्ग रिकामा झाल्यावर. सगळ्यांसमोर सांगायचं असं कितीदा ठरवलं, आणि दरवेळी फळ्याकडे वळून पुढचा धडा घेतला. तिने पुन्हा कधी हात वर केला नाही.

बारावीच्या निकालानंतर ती आईला घेऊन पेढे द्यायला आली. केमिस्ट्रीत आमच्या क्लासमध्ये ती पहिली होती.

"सगळं तुमच्यामुळे हो, मॅडम," आई म्हणाली.

मुलीने पेढ्यांचा पुडा पुढे केला. मी पेढा घेतला आणि त्यांना बसायला सांगितलं.