वीस मिनिटांचा उजेड

संस्थेत त्यांना सगळे मामा म्हणत. मामा व्हायला आधी एखादी बहीण लागते, ती त्यांना नव्हती. पण पन्नाशी उलटलेल्या मदतनिसाला मामा म्हणून टाकलं की नाव लक्षात ठेवायची कटकट वाचते. मामांची हरकत नव्हती. दिवसभरात कुणी हाक मारली, हेच त्यांना पुष्कळ वाटायचं.

संस्था समुद्राच्या काठावर होती, पण मामांच्या खोलीतून समुद्र दिसायचा नाही. खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवलेला, दाराला जाड काळा पडदा आणि छताला एक लाल बल्ब. त्या लाल उजेडात मामा अकरा वर्षं काम करत होते. सकाळी ओहोटीला खडकांवर उघडं पडलेलं शेवाळ गोळा करून आणायचं, त्याचं पान कापसाच्या बोळ्याने पुसायचं आणि बोळ्याला आलेले जिवाणू काचेच्या बशीत पसरायचे. बशी अतिनील दिव्याखाली ठेवायची. ठरलेली मिनिटं झाली की दिवा बंद, आणि बशी लगेच काळ्या कापडात गुंडाळून कपाटात. तीन दिवसांनी कापड सोडून बशीत उगवलेले ठिपके मोजायचे. एक ठिपका म्हणजे जगलेला एक जिवाणू आणि त्याचा गोतावळा.

आधी इतरांचे प्रयोग असत, गेली काही वर्षं हा प्रयोग होता मॅडमचा. मॅडम तिशीच्या, पीएचडीच्या पाचव्या वर्षाला आलेल्या आणि मोठ्या साहेबांपुढे, म्हणजे आपल्या गाइडपुढे, जायचं म्हटलं की वही दहादा तपासणाऱ्या. खडकावरचं शेवाळ रोज तासन्‌तास उन्हात पडतं, मग त्याच्यावर राहणारे जिवाणू मरत का नाहीत, हा त्यांचा प्रश्न. उन्हातला सगळ्यात मारक भाग म्हणजे अतिनील किरण. दिव्याखाली नुसते तेच सोडले की शंभरातले चार-पाच जिवाणू कसेबसे उरत. पण यात एक मेख होती. मार खाल्ल्यावर लगेच साधा उजेड मिळाला, तर मरायला टेकलेले जिवाणू त्याच उजेडाच्या जोरावर स्वतःची डागडुजी करतात आणि पुन्हा उभे राहतात. मग खरा मार किती बसला ते कळायला मार्ग नाही. म्हणून तो काळा कागद, काळा पडदा, काळं कापड. दारावर पाटी होती, आत लाल दिव्याशिवाय काही लावू नये आणि फोन बाहेर ठेवावा.

अशा खोलीत कोण थांबणार? लोक पडद्याबाहेरूनच बोलत आणि निघून जात. मामा मग बशांशीच बोलायचे. जिवाणूंनाही ते अहो-जाहो करत. "चला, आज तुमचा नंबर," असं म्हणून बशी दिव्याखाली सरकवत. संध्याकाळी दोन खोल्यांच्या घरी जाऊन एकाच भांड्यात शिजवून त्याच भांड्यात जेवत, म्हणजे घासायला एकच पडतं. घरात बोलायला बशासुद्धा नव्हत्या.

बायकोला जाऊन पाच वर्षं झाली होती. ती अंथरुणाला खिळली तेव्हा मुलगी दुसऱ्या शहरात शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसली होती. बायको म्हणाली, "पेपर होईपर्यंत पोरीला काही सांगू नका." मामांनी ऐकलं. शेवटचा पेपर गुरुवारी होता आणि बायको मंगळवारी गेली. मुलीने येऊन एकच विचारलं, "बाबा, मला कळवलं का नाहीस?" मामा तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे उभे राहिले. आईनेच बजावलं होतं, एवढंही त्यांच्या तोंडून निघालं नाही. मुलगी परत गेली, नोकरीला लागली, तिने लग्न केलं. ते मामांना दुसऱ्याकडून कळलं.

त्या सोमवारी मामांनी सहा बशा दिव्याखालून काढल्या. सव्वाअकरा झाले होते. कापड हातात घेणार तोच खिशात फोन थरथरला. तो बाहेर ठेवायला विसरले होते. फोनच्या पडद्यावर मुलीचं नाव. पाच वर्षांत पहिल्यांदा. खाली शब्द एकही नाही, नुसता एक फोटो. चष्मा टेबलावर कुठेतरी होता, लाल उजेडात हाताला लागेना, आणि मामांचा धीर सुटला. त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. ट्यूबलाइट लागली, चष्मा सापडला. फोटोत कपड्यात गुंडाळलेलं एक तान्हं बाळ होतं, डोळे घट्ट मिटलेलं, मूठ गालाशी.

मामा स्टुलावर बसले आणि बघत राहिले. नात की नातू, तेही कळत नव्हतं. काहीतरी लिहावं म्हणून दोनदा अंगठा उचलला आणि दोनदा खाली ठेवला. भान आलं तेव्हा घड्याळात अकरा पस्तीस झाले होते, आणि सहाही बशा लख्ख उजेडात पडल्या होत्या. मामांनी घाईघाईने दिवा घालवला, बशा गुंडाळल्या, कपाटात ठेवल्या. कुणाला काही बोलले नाहीत.

गुरुवारी मॅडमनी कापड सोडलं. एरवी आठ-दहा ठिपके असायचे, तिथे सत्त्याऐंशी! दुसऱ्या बशीत त्र्याण्णव. मॅडमनी तीनदा मोजलं आणि मग अख्खी प्रयोगशाळा डोक्यावर घेतली.

"मामा, हे त्या पलीकडच्या खडकावरचं शेवाळ ना? तिथले जिवाणू वेगळेच आहेत! दिव्याला दाद देत नाहीत!" त्यांचे डोळे भरून आले होते. "पाच वर्षं साहेब म्हणतायत, तुझ्या कामात नवीन काय? आता दाखवते त्यांना."

त्या दिवशी मॅडम दोन कप चहा घेऊन पडद्याच्या आत आल्या आणि स्टूल ओढून बसल्या. शुक्रवारीही आल्या. सोमवारीही. खडक कुठला, पाणी किती होतं, हे विचारता विचारता आपल्या आईच्या गुडघ्यांबद्दल, भाड्याच्या घराबद्दल बोलत बसल्या. "मामा, तुमच्या हाताला यश आहे," असं म्हणाल्या. मामांना चहा कडू लागत होता आणि तरीही दुपारची वाट बघवत नव्हती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत दुसरं माणूस बसलं होतं. माणसाचा आवाज भिंतीला लागून परत आला की किती बरं वाटतं, हे मामा विसरूनच गेले होते.

बुधवारी सकाळी साहेबांपुढे सगळं मांडायचं ठरलं होतं. मंगळवारी दुपारी मॅडम चहा घेऊन आल्या तेव्हा मामा उभेच राहिले.

"मॅडम, ते जिवाणू वेगळे नाहीत. मी ट्यूब लावली होती."

मॅडमना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी कप हळूच खाली ठेवला.

"किती वेळ?"

"वीस मिनिटं. घड्याळात बघितलंय."

"बशा टेबलावरच होत्या? झाकण लावून?"

"हो. सहाही."

मॅडमनी वही काढून ते सगळं लिहून घेतलं. मग मान वर न करता त्या म्हणाल्या, "गुरुवारीच बोलला का नाहीत? पाच दिवस मी नाचत होते तुमच्यासमोर."

मामांकडे या वेळी उत्तर होतं, आणि ते त्यांनी दिलं. "तुम्ही चहाला यायला लागला होतात."

मॅडमनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग वही उचलून त्या बाहेर गेल्या. ट्यूब कशासाठी लावली होती, हे त्यांनी विचारलं नाही. मामा ते सांगायला आसुसले होते. आदल्या रात्रीपासून त्यांनी वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

बुधवारचं सगळं रद्द झालं. साहेब काय बोलले ते मॅडमनी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून चहा बंद झाला. मामांचं काम मात्र गेलं नाही. आठवड्याने टेबलावर मॅडमच्या अक्षरात एक वेळापत्रक आलं. दिव्यानंतर पाच मिनिटं उजेड, मग दहा, मग वीस. कुठल्या उजेडाने किती जिवाणू सावरतात, हेच आता बघायचं होतं. खाली लिहिलं होतं, मिनिटं काटेकोर, जे घडेल ते रजिस्टरमध्ये. शेवटचे चार शब्द दोनदा अधोरेखित केले होते.

वीस मिनिटांची पाळी शुक्रवारी आली. मामांनी ट्यूब लावली, टेबलावरच्या घड्याळाला गजर लावला, बशांसमोर बसले. काही करायचं नव्हतं. मॅडमना पाच दिवस उशिरा का होईना, पण सांगून झालं होतं आणि आकाश कोसळलं नव्हतं. दुसरीकडे मात्र पाच वर्षं उलटली होती. मामांनी फोन काढला. एकोणिसाव्या मिनिटाला नंबर लावला.

"बाबा?" मुलीचा आवाज.

"तुला कळवायला हवं होतं," मामा म्हणाले. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "आई आजारी होती तेव्हा. माझं चुकलं."

बायकोचं बजावणं त्यांनी आजही सांगितलं नाही. गेलेल्या माणसावर काय ढकलायचं!

"आत्ता सांगतोयस?" मुलगी म्हणाली. मागे बाळ कुरकुरत होतं, ती त्याला थोपटत असावी. गजर वाजला. मामांनी तो बंद केला आणि बशांकडे पाहिलं. उठून दिवा घालवायचा तर फोन कानावरून काढावा लागणार नव्हता, पण ते हलले नाहीत. हललो तर पलीकडचा श्वास तुटेल, अशी त्यांना भीती वाटली.

"मुलगी आहे," ती शेवटी म्हणाली. "ठेवते आता." आणि फोन ठेवला.

मामांनी दिवा घालवला, बशा गुंडाळल्या. मग रजिस्टर उघडलं. उजेडाच्या रकान्यात वीसच्या जागी बावीस लिहिलं. शेजारी कारणाचा रकाना होता, तो इतकी वर्षं कोराच राहायचा. मामांनी लाल उजेडात वाकून, अक्षर लागेल असं सावकाश लिहिलं: मला नात झाली आहे. मुलीशी बोलत होतो.