छत्र्यांखालचा कोवळा पाला

कोरियात, बुसानला आमच्या टेकडीवर एकोणतीस वर्षं छोटी बस चालवून प्यो दोकसू जानेवारीत निवृत्त झाले, आणि आठवडाभरातच त्यांची बायको मालन्यो जेरीला आली. ती घरातच कपडे दुरुस्त करून द्यायची. हे दिवसभर तिच्या मशिनीशेजारी उभे राहून "थोडं डावीकडे घे, आता सरळ" करायचे.

"अहो, बस नाहीये ही! गच्चीवर जा, काहीतरी पेरा, पण माझ्या डोक्यावरून उतरा!"

दोकसूंनी ते मनावर घेतलं. मासळीबाजारातून थर्माकोलच्या पेट्या आणल्या, बुडाला भोकं पाडली, माती भरली आणि फेब्रुवारी संपता संपता लेट्यूसचं बी टाकलं. मी त्यांची खालच्या मजल्यावरची भाडेकरू. म्हटलं, "काका, चेरी फुलायच्या आधी कुणी पेरतं का? गारठेल सगळं."

"म्हणून तर पांघरूण आणलंय."

पांघरूण म्हणजे लोक बसमध्ये विसरून गेलेल्या छत्र्या! कुणी न्यायलाच आलं नाही, म्हणून निवृत्तीच्या दिवशी डेपोने त्या ह्यांच्याच गळ्यात मारलेल्या. त्यातल्या अकरा पारदर्शक छत्र्या त्यांनी उघडून पेट्यांवर बांधल्या. ऊन आत, थंडी बाहेर. दहाव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले, तेव्हा मला सांगायला दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले.

मार्चअखेर समुद्रावरून वारा सुटला. सकाळी बघते तर छत्र्या टेकडीभर, कुणाच्या तारेवर, कुणाच्या कौलांवर. दोन पेट्या उलटल्या होत्या. दोकसू गुडघ्यांवर बसून बोटभर रोपं एकेक उचलून पुन्हा लावत होते.

दुपारपासून लोक छत्र्या घेऊन जिना चढायला लागले. सलूनवाली नामबाई आली ती छत्री नाचवतच.

"ड्रायव्हरसाहेब, मुठीवर नेलपॉलिशचा ठिपका दिसतोय? माझी आहे ही! तीन वर्षं शोधतेय!"

दोकसूंचा चेहरा पडला. "घेऊन जा, ताई. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"आता मोडक्या काड्या नेऊन काय करू? त्यापेक्षा हिच्याखाली जे वाढतंय ते खायला बोलवा."

बोलावलं. एप्रिलमधल्या एका रविवारी छत्र्या परत आणणारे सगळेच गच्चीवर जमले. शेगडीवर डुकराचं मांस चुरचुरत होतं. पानं तळहाताएवढीही नव्हती, घास गुंडाळायला दोन-दोन एकावर एक ठेवावी लागायची. पण इतकी कोवळी, की दातांना काम नाही. अर्ध्या तासात पेट्या बोडक्या झाल्या.

मालन्योने पानात मांस, लसूण आणि सोयाबीनची आंबवलेली चटणी गुंडाळून घास थेट नवऱ्याच्या तोंडात कोंबला.

"काय हो, डोळ्यांत पाणी?"

"मिरची लागली."

"मिरची घातलीच नाही मी!"

सगळे खो-खो हसले. नामबाईने पेटीत वाकून पाहिलं. "बुडखे ठेवलेत ना? पुन्हा फुटतील?"

"फुटतील की. आठ-दहा दिवस थांबा."

आठव्या दिवशी ती भाताचं भांडं घेऊनच वर आली.