वजनकाकांना न पटलेली मालिका

डायलिसिसच्या वॉर्डात वजनकाकांचं खरं नाव फक्त त्यांच्या फाइलवर होतं. एकतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली. दुकानदारांचे काटे तपासायचे, खोटं वजन सापडलं की जप्त करायचं, आणि वरून दुकानदाराची रडगाणी ऐकायची. वॉर्डात पहिल्या दिवशी त्यांना काट्यावर उभं केलं, तेव्हा खाली उतरायच्या आधीच ते म्हणाले, "हा चारशे ग्रॅम जास्त दाखवतो."

सिस्टर म्हणाल्या, "काका, सगळ्यांना असंच वाटतं."

दुसऱ्या खेपेला काका खात्याचा शिक्का असलेली वजनं घेऊन आले. पिशवी अर्थातच लेकीच्या हातात. काट्यावर वजनं ठेवली, आकडा सगळ्यांना दाखवला, आणि मग शांतपणे खुर्चीत जाऊन बसले. काटा चारशेनं चुकत होता. तुम्हाआम्हाला चारशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पण ज्याच्या अंगातलं साठलेलं पाणी यंत्र मोजून ओढून काढतं, त्याच्या अंगातून दोन पेले पाणी उगाच जास्त गेलं की पायात असे गोळे येतात की देव आठवतो. काटा दुरुस्त झाला, दोन-चार जणांचे गोळे थांबले आणि काकांना नाव पडलं.

वॉर्डात सहा खुर्च्या होत्या आणि भिंतीवर एक टीव्ही. काकांची पाळी सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी बारा ते चार. डाव्या हातात दोन जाड सुया, त्यामुळे हात हलवायचा नाही. उजव्या हातानं करण्यासारखं फारसं काही नसतं. मग दीड वाजता मालिका. रिमोट सिस्टरांच्या खिशात आणि सिस्टर मालिकेच्या पक्क्या भक्त, तेव्हा सुटका नव्हती.

काकांना मालिका बघवत नव्हती आणि सोडवतही नव्हती. बोलून चालून निरीक्षक. जिथं खोट आहे तिथून नजर हलत नाही.

"ही याची आई?" त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. "हिच्यापेक्षा तो चार वर्षांनी मोठा दिसतोय. पाळण्यात असताना मिशा होत्या का त्याला?"

तीन नंबरच्या खुर्चीवरून उत्तर आलं, "केस पांढरे केलेत की तिचे. आणखी काय हवं तुम्हाला?"

तीन नंबरला पार्लरवाल्या बसत. बाजारात त्यांचं पार्लर होतं, आता भाची चालवत होती. पाच वर्षं त्या डायलिसिसवर होत्या. रक्ताच्या नात्यात किडनी देणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून हॉस्पिटलच्या यादीत नाव लावून बसल्या होत्या. बाईंच्या तोंडाचा पट्टा चालू झाला की यंत्राची शिट्टीसुद्धा ऐकू यायची नाही.

"पांढरे कुठले, राखाडी," काका म्हणाले. "आणि कानामागं काळेच राहिलेत."

"ते मात्र खरं. मी असा हात मारला असता तर गिऱ्हाईकानं मला रस्त्यावर आणलं असतं."

तिथून दोघांचं जमलं. जमलं म्हणजे भांडण सुरू झालं. काका चूक काढायचे, बाई मालिकेची बाजू घ्यायच्या, आणि बाकीचे चौघं डोळे मिटून ऐकायचे.

मालिकेतल्या नायिकेच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या एका मंगळवारी गेल्या. कशानं गेल्या, कुणी सांगितलं नाही. बुधवारी वॉर्डात हे कळलं आणि सगळी पाळी एकदम ताठ बसली. आपल्या आजारावर मालिका म्हणजे काय, मानच झाला. पण मग बायको त्याच्या उशाशी आली, केळं सोललं, लाडानं भरवलं, आणि वर संत्र्याच्या रसाचा मोठा पेला त्याच्या तोंडाला लावला.

सहाही खुर्च्यांतून एकच आवाज निघाला. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर गाडीखाली माणूस आला असं वाटलं असतं. केळं आणि संत्रं या दोन गोष्टी, त्यातल्या पोटॅशियममुळे, त्या वॉर्डात विषासारख्या. दिवसाला पाणी किती प्यायचं तेही पेल्यावर रेघ मारून ठरलेलं.

"मारतेय ती त्याला," काका म्हणाले. "चांगली बायको म्हणे. हिच्यापेक्षा ती खलनायिका बरी, तिनं निदान उपाशी ठेवलं असतं."

त्या दिवशी काकांचं रक्तदाब मोजणारं यंत्र तीनदा वाजलं. सिस्टरांनी टीव्हीचा आवाज बंद केला, तर काका म्हणाले, "आवाज कशाला बंद करता, पुढं काय अक्कल पाजळतात ते कळू दे."

पुढं नवऱ्याच्या पहिल्या बायकोनं किडनी दिली. तपासण्या नाहीत, सह्या नाहीत, काही नाही. सकाळी ठरलं, जाहिरातींनंतर ऑपरेशन झालं, आणि शुक्रवारच्या भागात ती उंच टाचांचे सँडल घालून जिना उतरत होती. कशाचा कशाला मेळ नाही.

"देणाऱ्याचं असं दाखवतात," काका चिडून म्हणाले. "लोकांना वाटतं नखं कापून दिल्यासारखं आहे."

पार्लरवाल्या या वेळी मालिकेच्या बाजूनं बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमची लेक देतेय ना तुम्हाला? मग घेत का नाही?"

आता हे सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. काकांची एकुलती एक लेक चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. चौतीस वर्षांची, पाच वर्षांची मुलगी पदरात. वडिलांचं दुखणं कळल्यावर तीच म्हणाली होती, माझी घ्या. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, सगळं जुळत होतं. मोठ्या डॉक्टरांनी महिनाअखेरपर्यंत काय ते सांगा म्हटलं होतं. नंतर तपासण्या जुन्या होतात आणि काकांचं हृदयही तोवर किती साथ देईल याचा भरवसा नव्हता. लेक दर आठवड्याला विचारायची आणि काका दर आठवड्याला एकच वाक्य म्हणायचे, "मी तुझ्या अंगाला सुरी लावू देणार नाही."

वाक्य भारदस्त होतं. सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी यायचं. नातेवाईक म्हणायचे, बाप असावा तर असा.

आणि खरं सांगायचं तर ते वाक्य खोटं होतं. काकांना सुरीची भीती वाटत होती, पण ती स्वतःच्या अंगाला लागणाऱ्या सुरीची. आयुष्यात कधी दात काढतानाही ते दवाखान्याच्या दारातून दोनदा परत आले होते. भूल दिली आणि जागच आली नाही तर, या एका विचारानं ते रात्री दिवा लावून बसायचे. हे कुणाला सांगणार? एकतीस वर्षं ज्यानं दुकानदारांना घाम फोडला, त्यानं मला भीती वाटते म्हणायचं? त्यापेक्षा त्यागमूर्ती झालेलं परवडलं. काकांना हे स्वतःशी कबूल होतं, म्हणून पार्लरवाल्यांच्या प्रश्नावर ते टीव्हीकडे बोट करून म्हणाले, "बघा, बघा, आता ती धावतेय."

त्याच्या पुढच्या सोमवारी मालिकेतला नवराच बदलला. म्हणजे नवरा तोच, नट दुसरा. खाली एक ओळ सरकत गेली, आजपासून ही भूमिका अमुक करतील, आणि एक वेगळाच गृहस्थ दिवाणखान्यात शिरला.

"चार इंच कमी झालाय," काका म्हणाले. वजनमापे खात्याची नजर ती. "वजन सात किलो जास्त. रंग बदलला, आवाज बदलला. आणि बायको त्याला विचारते, चहा घेणार का. अगं बये, आधी विचार की हा कोण आहे."

"नट सोडून गेला असेल," पार्लरवाल्या म्हणाल्या. "मालिकेनं काय करायचं मग? बंद पडायचं?"

"निदान एका माणसानं तरी म्हणावं की अरे, तू वेगळा दिसतोस. कुत्रंसुद्धा भुंकत नाही हो त्याच्यावर. घरात आठ माणसं, आठही आंधळी?"

"तुम्हाला नाही का, काका, सवय होणार? आठ दिवस थांबा, आधीचा कसा होता तेही आठवायचं नाही."

"मला आठवेल."

"बघू," म्हणून बाईंनी डोळे मिटले. त्या दिवशी त्यांना दम लागत होता, जास्त बोलल्या नाहीत.

बुधवारी तीन नंबरची खुर्ची रिकामी होती. शुक्रवारी तिच्यावर एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा, बस दुरुस्तीच्या आगारात काम करणारा. पार्लरवाल्या मंगळवारी पहाटे घरीच वारल्या होत्या. पाळीसाठी लोक ताटकळत असतात, खुर्ची रिकामी ठेवून कसं चालेल. सिस्टरांनी त्याच्या हाताला पट्टी बांधली, सुया लावल्या, आणि पलीकडे हाक मारली, "तीन नंबर चालू झाला, लिहून घे."

एवढंच. वाईट सगळ्यांना वाटलं होतं, सिस्टर तर सकाळी भांडारात जाऊन रडून आल्या होत्या. पण बारा वाजले होते आणि सहा यंत्रं लावायची होती. दीड वाजता टीव्ही लागला. आगारवाल्यानं थोडा वेळ बघितलं आणि शेजारी विचारलं, "हा हिचा नवरा का?"

काकांनी तोंड उघडलं. म्हणायचं खूप होतं. म्हणायचं होतं की हा नवरा नाही, खरा नवरा उंच होता, आणि तुम्ही बसलाय तिथं एक बाई बसायच्या, त्यांना विचारा. पण तो बिचारा पहिल्याच दिवशी घाबरून सुयांकडे बघत होता. काका म्हणाले, "हो. हाच."

उरलेली वेळ त्यांनी मालिका बघितली नाही. पाच वर्षं बाई यादीत होत्या. पाच वर्षं कुणीतरी देईल म्हणून थांबल्या आणि आपल्याला लेक समोर उभी राहून देतेय. आपण काय करतोय, तर दर आठवड्याला एक खोटं वाक्य पुन्हा म्हणतोय. मालिकेतल्या माणसांना निदान खोटी वाक्यं लिहून देणारा दुसरा असतो. काकांना जगायचं होतं. हे इतकं साधं होतं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. भीती होतीच, पण ती आता दुसऱ्या नंबरवर गेली होती. महिना संपायला सहा दिवस होते. आज लेक आली की तिला हो म्हणायचं, असं त्यांनी तीन वाजता पक्कं केलं.

चार वाजता लेक आली. सुया काढल्यावर हातावरच्या जागा दहा मिनिटं दाबून धरायला लागतात, रक्त थांबेपर्यंत. एरवी काका वॉर्डातच थांबायचे, आज म्हणाले बाहेर बाकावर बसू. बाहेर वाहनतळासमोर एक सिमेंटचा बाक होता. लेक शेजारी बसली आणि तिनं कापसावर अंगठा दाबून धरला. तिच्या बोटांच्या पेरांत भिंगं घासायची पांढरी पूड होती.

"मी विचार केला," काका म्हणाले.

"बाबा, आधी मी बोलू?" ती म्हणाली. "नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही."

काकांनी मान डोलावली.

"मी पहिल्यांदा द्यायचं म्हणाले ना, तेव्हा मनापासून म्हणाले होते. अजूनही तुम्ही हो म्हणालात तर देईन, मागं हटणार नाही. पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही. मला फार भीती वाटते, बाबा. तपासण्या झाल्यापासून वाटते. मुलीची वेणी घालताना हात थांबतो. दर आठवड्याला मी तुम्हाला विचारते आणि मनात म्हणत असते, नाही म्हणा. आणि तुम्ही नाही म्हणता तेव्हा मला इतकं हलकं वाटतं की मग दिवसभर स्वतःची लाज वाटते. तुम्ही माझ्यासाठी एवढा विचार करता आणि मी ही अशी." तिनं अंगठा हलवला नाही, पण ती रडत होती. "झालं. आता तुम्ही बोला. तुम्ही काय विचार केला?"

काकांनी समोर बघितलं. एक माणूस स्कूटर मागं घेत होता आणि त्याची बायको त्याला कुठून वळव ते सांगत होती. तयार ठेवलेला 'हो' मागं ठेवून काकांनी बाकाची कड धरली. लेकीला वाटलं त्यांना चक्कर येतेय, तिनं दुसऱ्या हातानं त्यांची पाठ धरली.

"विचार केला की डॉक्टरांना आजच कळवून टाकू," ते म्हणाले. "उगाच शेवटच्या दिवसापर्यंत कशाला ताटकळत ठेवायचं त्यांना. मी तुझ्या अंगाला सुरी लावू देणार नाही."

वाक्य तेच होतं. आवाजही त्यांनी तसाच भारदस्त काढला. पहिल्यांदाच ते खरं होतं, आणि ते म्हणायला पहिल्यांदाच इतकं जड गेलं.

"पण का, बाबा?" तिनं विचारलं. विचारायला हवं म्हणून विचारलं.

"या डायलिसिसची सवय झालीय मला," काका म्हणाले. "वेळ बरा जातो. माणसं चांगली आहेत."

लेकीनं कापूस उचलून बघितला. रक्त थांबलं होतं. इतकं न पटणारं कारण तिनं काकांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, पण तिनं उलट काही विचारलं नाही. ती म्हणाली, "बरं," आणि त्यांच्या हाताला पट्टी बांधू लागली.