चार दिवसांत निम्मं
मी तापट माणूस. नगरच्या हायस्कुलात पोरं मला पाठीमागे 'फटाका' म्हणायची आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. महायुद्धाच्या त्या वर्षांत पदार्थविज्ञान शिकवताना मी पुस्तकाबाहेरचंही सांगायचो. परदेशात शास्त्रज्ञांनी असे अणू बनवले होते, की ज्यांच्या गाभ्यात प्रोटॉन गरजेपेक्षा जास्त. सगळे एकमेकांना ढकलणारे. असा गाभा टिकतोय कसला! काही जातींचे तर दहा मिनिटांत निम्मेच उरतात. त्यातला एक प्रोटॉन आपला भार बाहेर टाकतो, न्यूट्रॉन होतो, आणि मग कुठे गाभा थाऱ्यावर येतो.

घरी बायकोला हे सांगितलं. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. "अगंबाई, म्हणजे आपलंच घर की हो!" ती हसून म्हणाली. "फक्त भार टाकायचा कुणी, ते काही ठरत नाही."

आमची भांडणं व्हायची ती रविवारवरून. तिच्या माहेरच्या वळणाप्रमाणे प्रभूच्या दिवशी चूल पेटवायची नाही, टांग्यात बसायचं नाही, सुईदोरासुद्धा हातात घ्यायचा नाही. मीही ख्रिस्तीच, पण शनिवारची भाकरी ताटात आली की माझं डोकं फिरायचं.

अशात तिच्या गालाला आतून गाठ आली. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसतं कापून भागायचं नाही. त्यांनी मुंबईहून सोन्याच्या नळ्या मागवल्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या, आत रेडियमपासून निघालेला वायू; त्याच्या किरणांनी गाठ जळते. त्या गाठीत खुपसून तिथेच ठेवायच्या. पण हा वायू भरल्या घडीपासून विरत जातो, चार दिवसांत जेमतेम निम्मा उरतो. शिवाय गाड्या लष्कराच्या कामात, दुसरं पार्सल कधी मिळेल याचा नेम नव्हता.

शुक्रवारी भरलेल्या नळ्या शनिवारी संध्याकाळी पोचल्या. "उद्या सकाळीच घालू," बाई म्हणाल्या.

"उद्या रविवार," बायको म्हणाली. "सोमवारी घाला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. खरं तर मी खोली डोक्यावर घ्यायला हवी होती. तोंडाशी आलंही होतं, "अगं, तुझा देव एक दिवस थांबेल, हा वायू नाही थांबायचा!" पण तिचा सुजलेला गाल पाहिला आणि मनात म्हटलं, आजारी बाईवर कशाला ओरडायचं? एका दिवसाने सहावा हिस्सा जाईल, बाकीचा पुरेल. उभ्या जन्मात तेवढा एकदाच मी गप्प बसलो.

सोमवारी सकाळी दवाखान्यात गेलो तर आयाबाई दारातच म्हणाली, "बाई न्हाईत. शेवगावच्या वाटंवर एका वाडीत बाळंतीण अडलीया, पहाटंच गेल्यात." पेट्रोल मिळत नव्हतं, बाई बैलगाडीतून गेल्या होत्या. त्या मंगळवारी संध्याकाळी दमून परतल्या. नळ्या घातल्या बुधवारी सकाळी. मी बाहेरच्या बाकावर बसून आकडेमोड केली. निम्म्याहूनही कमी उरलं होतं.

गाठ महिनाभर दबल्यासारखी वाटली. तिने चर्चमध्ये उपकारस्तुतीही करवली. मग गाठ अशी उसळली की तोंड उघडेना. दुसरं पार्सल आलंच नाही. नळ्या गालात तशाच होत्या आणि त्यांत आता काही नव्हतं. ती भाताच्या पेजेवर आली. मला सकाळी शाळेत जाऊन फळ्यावर तेच निम्मं-निम्मं होण्याचं सूत्र लिहायचं जिवावर यायचं. तरी मी लिहीत होतो.

बोलता येईना म्हणून मी तिला शाळेतली पाटी आणून दिली. एका रविवारी मी शिळी भाकरी न कुरकुरता खात बसलो होतो. तिने पाटीवर लिहिलं, 'त्या दिवशी थांबल्यानं फरक पडला?'

"छे गं," मी म्हणालो.

वीस वर्षांच्या संसारात माझं एकही खोटं तिच्यापुढे टिकलं नव्हतं. तिने पदराने पाटी पुसली. 'तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?'

मी होकारार्थी मान हलवली. तिने पुन्हा पाटी पुसली आणि सावकाश, मुलींना गिरवायला देतात तशा मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मग भांडला का नाहीत?'