मंगलच्या कामाला पैरा

रामनगरात बसस्टँडच्या मागं मंगलचं झेरॉक्सचं दुकान आहे म्हटलं, की गाव मान डोलावतं. पण हीच बाई परदेशातल्या रक्ताच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या सांभाळते म्हणून सांगा, लोक तुम्हालाच येड्यात काढतील. काढू देत. खरं ते खरं.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या स्वस्तातल्या लेबल प्रिंटरवर कन्नड आणि मराठी अक्षरं धड उमटायची नाहीत. वैतागून तिनं स्वतःच एक सॉफ्टवेअर लिहिलं, 'छाप' नाव ठेवलं आणि इंटरनेटवर मोकळं सोडलं. फुकट, आणि आतली ओळन् ओळ उघडी. कुणीही वाचावी, वापरावी. लोकांनी वापरलं. कुठल्याही लिपीतली अक्षरं धड उमटतात म्हणून कुठल्या कुठल्या देशांतल्या रक्तपेढ्यांनीही पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांसाठी वापरलं. मग सुरू झालं: हे चालत नाही, ते बिघडलं, आजच्या आज दुरुस्त करा! फुकट घेणाऱ्यालाच घाई भारी, बघा.

नवरा वासू म्हणायचा, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतीस तू."

"भाजते. पर एक चिठ्ठी चुकली तर कुणाचं रक्त कुणाला चढंल, ठावं हाय न्हवं?"

यंदा मात्र ती थकली. चाळीस तक्रारी नुसत्या पडून राहिल्या. वाटेकरी घ्यायचा म्हणजे त्याला 'छाप'ची किल्ली द्यायची. ज्याच्याकडं किल्ली, तो आत काहीही बदलणार, आणि ते थेट दवाखान्यांत जाणार. द्यायची कुणाला, हाच तिला घोर.

तिच्या डोळ्यांपुढं दोघं होते. एक लुईस, जिभेवर साखर ठेवूनच लिहिणारा. 'मॅडम, तुम्ही फार सोसलंत. आता विश्रांती घ्या, किल्ली माझ्याकडं द्या.' दुसरा पोलंडचा मारेक, तिकडच्या रक्तपेढीत कामाला. तीन वर्षं हा नुसत्या चुका काढत होता. नमस्कार नाही, चमत्कार नाही. 'हे चुकलंय', एवढंच. एकदा तर त्याचं पत्र वाचून मंगल भर दुकानात रडली होती बिचारी.

"लुईसला दे की," वासू म्हणाला. "किती ग्वाड बोलतोय माणूस."

"अवो, भातलावणीच्या पैऱ्याला तुम्ही ग्वाड बोलणारा बघता, का चिखलात उतरणारा?"

आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या, हा पैरा. त्यात आधी तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटायला वाकायचं, मग बाकीच्या गोष्टी. मंगलनं दोघांनाही तसंच लिहिलं: किल्लीचं मागनं बघू. चाळीस तक्रारी आहेत, वीस-वीस वाटून घ्या आणि प्रत्येकाला उत्तर द्या.

लुईसचं उत्तर लगेच आलं, असल्या किरकोळ कामात कशाला वेळ घालवायचा, किल्ली मिळाली की एका दिवसात सगळं करतो. आणखी दोनदा किल्ली मागितली आणि मग गडी गुल झाला. मारेकनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पण तक्रारी एकेक करून मिटायला लागल्या. आपल्या वीस झाल्यावर त्यानं लुईसच्याही घेतल्या. तीन आठवडे राबला. उत्तरं रूक्षच, पण बरोबर.

तरी मंगल मागंपुढं करत होतीच. एवढा तुसडा माणूस, जमेल का याच्याशी? शेवटी एका सकाळी देवाचं नाव घेऊन तिनं त्याला किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडते तर मारेकचं पत्र. 'तुम्ही परवा केलेला बदल चुकीचा आहे. दोन पिशव्यांवर एकच नंबर पडू शकतो. मी तो काढून टाकला आहे.'

वासू भडकला. "बघ! किल्ली हातात पडली न्हाई तवर तुझ्यावरच उलटला!"

मंगलनं पत्र दोनदा वाचलं, आपल्या ओळी ताडून बघितल्या. चूक तिचीच होती. तिचे डोळे भरून आले. अकरा वर्षं ती सगळ्यांचं तपासत आली होती, आणि तिचं तपासणारं कुणी नव्हतं.

"ओरडू नगासा," ती डोळे पुसत म्हणाली. "माझी चूक धरणारं कुणीतरी हाय आता. आज निवांत झोप लागंल मला."