आमच्या घरचा सारस

आमच्या घरी सारस पक्षी एकदाच आला, आणि तो माझ्या बाबांचं धोतर नेसून आला.

दोष कुणाचा, हे आधीच सांगून टाकतो : माझा. लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर बाईंचा निरोप आदल्या संध्याकाळीच आला होता. ‘उद्या सकाळी दहा वाजता मुलांना सारस वेशभूषेत पाठवावे.’ मी तो न वाचताच खाली हात जोडले (ग्रुपवर मी सगळ्यालाच हात जोडतो, वाढदिवसालाही आणि दुखवट्यालाही!) आणि वाचला दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, चहा पिताना.

“अवं प्रज्ञा! सम्यकाले सारस बनवाचं आहे, दहा वाजता!”

“अख्ख्या दुसरीले सारस?” बायको म्हणाली. “इतके सारस तर आता जंगलातबी दिसत नाही बाप्पा!”

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी पवनीत कापडाच्या दुकानात आहे. वीस वर्षं तागे उलगडत गिऱ्हाइकाला एकच वाक्य ऐकवत आलोय : “रंग चांगल्या कापडावरच बसते, ताई.” ज्याला कापड कळतं त्याला पक्षी काय अवघड, अशी माझी समजूत. आमची माय घरी असती तर तिनं मला आवरलं असतं. पण रोवणा सुरू होता, धानाचं रोप लावायला ती उजाडताच बांधीत गेली होती.

सम्यकाच्या दोन हातांना दोन सुपं बांधली, पंख झाले. लाल लेगिंगचे पाय झाले, मायच्या लाल कानटोपीचं डोकं झालं. चोच जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची. तिच्यावर अर्धा मार्च महिना होता आणि त्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘सिलिंडर लावले’.

राहिलं अंग. सारस करडा, आणि घरात करडं काहीच नाही.

“करडं म्हणजे तुमच्या डोक्यासारखं,” प्रज्ञा म्हणाली. “कलप लावाच्या आधीचं.”

(ही गोष्ट आमच्या चौघांपलीकडे कुणाला माहीत नव्हती. नव्हती!)

मी मायची पत्र्याची पेटी उघडली. सगळ्यात वर बाबांचं पांढरं धोतर होतं. बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना नेसायचे ते. बाबा गेले त्याला येत्या रविवारी वर्ष होणार होतं. मायनं ते धोतर स्वतः धुऊन, घडी घालून ठेवलं होतं. स्मृतिदिनाला फोटोजवळ ठेवायचं, असं ती महिनाभर सांगत होती. घडीवर माझा हात थांबला, खोटं बोलत नाही. घड्याळ मात्र थांबेना.

“अवो, ते नका घेऊ. आईले काय सांगान?”

“नीळ लावतो फक्त. रविवारच्या आत धुऊन ठेवतो.”

नीळ बाटलीच्या बुडाशी उरली होती. धोतर आकाशी झालं.

“पप्पा, सारस आकाशी नसते,” सम्यका म्हणाली.

साडेआठ वाजले होते. समोर फळीवर माझ्या कलपाच्या दोन पुड्या होत्या. पुढचं माझ्या हातून कसं झालं ते मला नीट सांगता येत नाही, पण दोन्ही पुड्या बादलीत गेल्या आणि धोतर असं करडं झालं, असं करडं झालं, की मला क्षणभर अभिमानच वाटला! इस्त्रीनं वाळवलं, पोरीला गुंडाळलं, गाडीवर बसवलं. वाटेत एक सूप निसटलं, ते परत जाऊन आणलं.

शाळेच्या अंगणात डॉक्टर होते, वकील होते, शेतकरी होते, तीन सैनिक होते. सारस एक.

“अहो, हे काय?” बाई म्हणाल्या.

“सारस. तुमीच तर कळवलं.”

बाईंनी मोबाईल काढला, वाचला आणि कपाळावर हात मारला. “सरस वेशभूषा लिहिलं होतं हो मी! छान वेशभूषा! काना मोबाईलनं लावला.”

एका कान्यापायी धोतर गेलं होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात फाटकातून माय आत आली. पायाला पोटरीपर्यंत चिखल, डोक्यावर पदर. प्रज्ञानं फोन करून कळवलं, म्हणून नातीसाठी रोवणा अर्ध्यात टाकून आली होती. ती पुढच्याच ओळीत बसली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सम्यका माईकपुढे उभी राहिली. “मी सारस. मी धानाच्या बांधीत राहतो.” पुढचं विसरली. मग तिला आठवेल ते तिनं सांगून टाकलं. “हे माह्या आबाजीचं धोतर आहे. पप्पानं त्याले आपला केसाचा कलप लावला!”

अंगण हसलं. डॉक्टर हसले, सैनिक हसले, आमच्या दुकानाचं एक गिऱ्हाईक माझ्या डोक्याकडे बघून हसलं. माय हसली नाही. ती उठली आणि मंचाकडे निघाली. मी मागे धावलो.

“माय, मी चुकलो. माफ कर मले.”

तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. धोतराचा काठ तिनं दोन बोटांत धरून पाहिला, बराच वेळ पाहिला. मला मान वर करवेना. मग ती खाली बसली, पोरीचं सुटत आलेलं धोतर सोडलं आणि पुन्हा नेसवलं, निऱ्या एकसारख्या करून, काष्टा घट्ट खोचून.

“असं नेसवतेत काय रे?” ती म्हणाली. “तुह्या बाबाले ढिला काष्टा एक दिवस चालला नाही.”

एवढंच. तिचे डोळे भरले होते, माझेही.

तीनदा धुतलं, रंग निघाला नाही. रविवारी मायनं करड्या धोतराचीच घडी फोटोजवळ ठेवली आणि फोटोकडे बघून म्हणाली, “किती वर्षं म्हणत होती, कलप लावा, कलप लावा. आयकलं नाही. आता बसा लावून.”

त्याला वर्ष होत आलं. माझ्या डोक्यावर तोच कलप पंधरा दिवस टिकत नाही. धोतरावरचा रेसभर हलला नाही. परवा मी मायला विचारलं, असं काहून होत असेल? तिनं एकदा धोतराकडे पाहिलं, एकदा माझ्या डोक्याकडे.

“तूच तर सांगते दुकानात,” ती म्हणाली. “रंग चांगल्या कापडावरच बसते.”