हातचा दाणा

घोडा तयार करणाऱ्याला आमच्याकडे चाबूकस्वार म्हणत. मी जन्मभर तेच काम केलं, पण चाबूक खुंटीवरच राहिला. घोडं मारानं पळतं असं ज्याला वाटतं, त्यानं खुशाल टांगा हाकावा.

वलगावला आमचा भाजीचा मळा. अमरावतीच्या एका वकिलानं आपली तांबडी घोडी शर्यतीसाठी माझ्याकडे ठेवली होती. शर्यत जवळ आली की समोरच्यांची माणसं दाण्यात काहीबाही मिसळून जात. म्हणून आमच्या धंद्यात रीत होती, घोडं एकाच हातचं खायला शिकवायचं. भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा फक्त माझ्या तळहातावरून. दुसऱ्या कोणी पुढं केलं तर घोडीनं तोंड फिरवायचं. बायको चिडायची. "घोडीले गूळ, अन् पोरायले ठेंगा! तिच्यासंगच लगन लावाचं होतं ना." पण घोडीसाठी मळ्यातला लसूणघास तीच कापून आणायची.

घोडी जिंकली. वकिलाला चांदीचा पेला मिळाला आणि लगेच त्यानं तिला अकोल्याच्या एका कापूसवाल्या शेठला विकून टाकलं. मळ्यावर शेठचा माणूस आला, दोर सोडला, घेऊन गेला. घोडी वकिलाची होती, कबूल. पण आधी एक शब्द टाकला असता तर काय जीभ झडली असती?

अकोल्यात तिनं दाण्याला तोंड लावलं नाही. मला बोलावणं आलं. जाऊन पाहतो तर बरगड्या वर आलेल्या, पाय लटपटत होते. माझा आवाज ऐकून ती खिंकाळली. हातावरचे हरभरे संपवून हातच चाटत राहिली.

"शेठजी, मले इथंच राहू द्या," मी म्हणालो. "मोतद्दारी करीन, खरारा करीन, लीद काढीन."

"मोतद्दार आहे आमच्याकडे. तुम्ही फक्त हिची खोड मोडा."

खोड मोडायचा एकच रस्ता मला ठाऊक होता. कडुनिंबाचा पाला वाटून हरभऱ्यांना चोळला आणि हात पुढं केला. बाजूला मोतद्दार गूळ घेऊन उभा. तिनं माझ्या हातचं खाल्लं, थुंकलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याच हातचं घेतलं. मला रडू आलं नाही, संताप आला. वकिलाचा, शेठचा आणि त्या मूर्ख जनावराचाही. सकाळ-संध्याकाळ हाच खेळ चालला. शेवटी एकदाची ती मोतद्दाराकडे वळली, आणि जगली.

पुढच्या हंगामात ती अमरावतीला पळायला आली. मी कोटाच्या खिशात गूळ घेऊन गेलो, बायकोही सोबत आली. ओळखलं तिनं. कान टवकारले, मोतद्दाराला ओढत मैदानाच्या कडेच्या दोरीपर्यंत आली. मी गुळाचा खडा पुढं केला. तिनं माझा तळहात हुंगला आणि मान मागं घेतली.

"कावून घेत नाही ते?" बायकोनं विचारलं.

मी तो खडा मोतद्दाराच्या हातावर ठेवला. त्याच्या हातून तिनं लगेच खाल्ला.